कराची हलव्याचे मूळ गाव हिंगोली असल्याबाबत

प्रति,
मा. खास चौकशी अधिकारी साहेब,
मुक्काम डाक बंगला, हिंगोली,
जिल्हा परभणी.

अर्जदार : सत्यभामाबाई भ्रतार कै. नामाजी, वय अंदाजे पन्नास, धंदा शेळ्यामेंढ्या राखणे व उन्हाळ्यात लोकांच्या कुरडया-शेवया करून देणे, राहणार हिंगोली.

विषय : शेख हैदर वल्द शेख नासेर, हलवाई, यास हवालातीतून सोडणेबाबत, आणि त्याच्या दुकानातला कराची हलवा माझ्या अंगणात शिजतो हे खरे असलेबाबत.

संदर्भ : १) हैदरच्या दुकानाचा पंचनामा, मंगळवार, दि. २६ ऑक्टोबर १९४८.
२) त्याच दिवशी हैदरने दिलेला जबाब, जो खोटा आहे.

महोदय,

१. मी अंगठा उठवणारी बाई आहे. हा अर्ज मी बोलते आणि कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसणारे अर्जनवीस गोपीचंद लिहितात. त्यांची सगळी हयात उर्दूत अर्ज लिहिण्यात गेली. निजामी अमल गेला, मराठी अर्ज आता सरकारात चालतो म्हणून त्यांनी हा पहिलाच मराठीत घेतला आहे. ते माझे बोलणे सरकारी करतात. जिथे ते फारच सरकारी झाले आणि मलाच कळेना, तिथे मी त्यांना माझे शब्द जसेच्या तसे लिहायला लावले आहेत. त्यात काही कमीजास्त वाटल्यास दोष माझा, गोपीचंदांचा नाही.

२. हकीकत अशी की, वर लिहिलेल्या मंगळवारी हैदरच्या दुकानाची झडती झाली. त्यात पत्र्याचे एकतीस डबे मिळाले. प्रत्येकावर ‘अस्सल कराची हलवा’ असा छापील कागद. झडती घेणाऱ्या साहेबांनी विचारले, हा माल कुठून येतो? हैदर हात जोडून म्हणाला, “थेट कराचीहून, हुजूर. तिथल्या हिंदू आचाऱ्याच्या हातचा.” मी त्या वेळी शेळीचे दूध घेऊन दुकानाच्या पायरीशी उभी होते आणि हे दोन्ही कानांनी ऐकले. कराची आता दुसऱ्या मुलखात गेलेली. तिकडून माल येतो म्हणजे तिकडे माणसे आहेत, माणसे आहेत म्हणजे निरोप आहेत, असे धरून त्यास नेले. आज सोळा दिवस झाले. येत्या सोमवारच्या गाडीने त्यास बाहेरगावच्या मोठ्या तुरुंगात पाठवणार, असे पहाऱ्यावरच्या शिपायाने त्याची बायको शरीफा हिला सांगितले आहे. तिथे गेलेला माणूस कधी येईल हे शिपायाला सांगता आले नाही.

३. साहेब, हैदर उभ्या जन्मात पूर्णा स्टेशनच्या पुढे गेलेला नाही. पूर्णेलासुद्धा एकदाच गेला, आणि गाडी चुकली म्हणून रडकुंडीला येऊन परत आला. त्याचा आणि कराचीचा संबंध माझ्या बोकडाचा आणि काशीचा असेल तितकाच.

४. आपण परमुलखातून बदलून आलात, म्हणून चीक म्हणजे काय ते सांगणे भाग आहे. कुरडया करायच्या तर गहू तीन दिवस भिजत घालतात. पाणी रोज बदलतात. चौथ्या दिवशी गहू वाटून, फडक्यातून गाळून जे दुधासारखे निघते ते रात्रभर ठेवले की खाली घट्ट बसते. तो चीक. तो शिजवून, सोऱ्यातून बाजेवरच्या धोतरावर कुरडया घालायच्या. गरम चिकावर गूळ आणि तूप घालून लेकरे तो बोटांनी खातात. हे आमच्या हिंगोलीत, सेनगावात, आखाडा बाळापुरात घरोघरी होते. यात कराचीचे काही नाही.

५. आता मूळ गोष्ट. चौदा वर्षांखाली वैशाखात मी कुरडया घालायला घेतल्या आणि आभाळ आले. कुरडया वाळायला ऊन लागते. निम्मा चीक तसाच राहिला. शेजारी शरीफा पहिलटकरीण, बाळंत होऊन आठ दिवस झालेले, अन्न जाईना. मी गरम चिकावर तूप-गूळ घालून वाडगा धाडला. तिने खाल्ला, आणि उरलेला हैदरने खाल्ला. तेव्हा तो नुसता रेवड्या आणि बत्तासे करायचा. तसाच वाडगा हातात घेऊन माझ्या दारात आला आणि म्हणाला, “बाई, आणखी हाय का हे?” मी उरलेले पातेले त्याच्या पुढ्यात ठेवले. त्याने त्यात साखरेचा पाक घातला, तूप घातले, लिंबू पिळले, टरबुजाच्या बिया टाकल्या आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत कलथा सोडला नाही. सकाळी ताटात जे थापलेले होते ते लालसर, चकचकीत, दाबले की परत वर येणारे. मी आयुष्यात तसे काही खाल्ले नव्हते. चीक माझा, हात त्याचा. या हलव्याला दुसरा बाप नाही.

६. त्याने पहिल्या दिवशी दुकानावर खडूने लिहिले, ‘हिंगोलीचा हलवा’. तीन दिवस माशा बसल्या. येणारा विचारायचा, कशाचा? तो सांगायचा, गव्हाच्या चिकाचा. लोक म्हणायचे, चीक तर आमच्या घरी शेळ्यांपुढे पडतो. पिकते तिथे विकत नाही, म्हणतात ते काही खोटे नाही. चौथ्या दिवशी हैदरने जुन्या छावणीतल्या भंगारवाल्याकडून आणलेल्या रिकाम्या डब्यांत वड्या भरल्या. त्या डब्यांवर कराची असे छापलेले होते. आत पूर्वी काय होते ते आम्हांला आजवर ठाऊक नाही. वास चहापत्तीचा यायचा. दुपारपर्यंत सगळा हलवा संपला. घेणारे तेच, माशा हाकलून गेलेले. एक तर म्हणाला, मी हैदराबादेत खाल्ला होता, बराबर हीच चव. दोन वर्षांनी ते डबे झिजले, तेव्हा हैदरने कागद छापून घेतला आणि ‘अस्सल’ हा शब्द जास्तीचा घातला. त्याबद्दल मी त्याला तेव्हाच बोलले होते. तो म्हणाला, “बाई, आपला माल अस्सलच हाय की. गावच तेवढं परकं.”

७. वरील सर्व मी आपल्या कचेरीतल्या एका साहेबांस तोंडी सांगितले. त्यांनी पुरावा मागितला. मी म्हणाले, वऱ्हाडाकडून कोणताही डबा येवो, कनेरगाव नाक्यावर निजामी अमलात करोडगिरीची, म्हणजे जकातीची, चौकी होती, डबा उघडून नोंद केल्याशिवाय पुढे येत नसे. नाक्याचे जुने दप्तर बघा. हैदरच्या नावचा एक डबा निघायचा नाही. त्यांनी म्हणे बघितले. निघाला नाही. तेव्हा ते म्हणाले, नोंद नाही म्हणजे चोरून आणला. मग स्टेशनावरच्या पार्सलांत बघितले. तिथेही नाही. ते म्हणाले, बघा, किती हुशारीने आणला. साहेब, नोंद असती तर हलवा कराचीचा ठरला असता. नोंद नाही, तर चोरून आणलेला कराचीचा ठरला. हिंगोलीचा ठरायला त्याने करावे तरी काय? नंतर त्यांनी मला चिकाची पावती मागितली. शेजारणीने वाडगाभर चीक दिला याची पावती निजामाने कधी मागितली नाही, हे मी त्यांना बोलले. त्यावर त्यांनी मला बाहेर काढले.

८. (हे कलम गोपीचंद लिहायला नको म्हणत होते. मी ऐकले नाही.) नावावरूनच माणूस धरायचा असेल तर मग सगळ्यांना धरा. उद्या एकादशी आहे. उद्या निम्म्या हिंगोलीत भगर सैंधवावर शिजेल. सैंधव म्हणजे सिंधचे मीठ, हे मला गोपीचंदांनीच सांगितले. कराची कुठे आहे? तीही सिंधमध्येच. मग उपास करणारी सगळी माणसे देवळातूनच उचलावी लागतील. बाजारात रतनसिंग म्हैसूरपाक विकतो. त्याला म्हैसूर कोणत्या दिशेला आहे विचारा, तो गोंधळून परभणीकडे बोट करील. काबुली चणे माझ्या माहेरी सेनगावला आमच्या वावरात होतात. माझ्या भावाने पठाण कधी बघितलेला नाही. आणि ज्या डब्यावर ‘खास गावरान तूप’ लिहिलेले असते, त्यातले तेवढे मात्र खरेच बाहेरून येते, कारखान्यातले, वनस्पतीचे. ते विकणारा मोकळा फिरतो. काहून? तर त्याचे नाव गावरान. ज्याचे सगळे गावरान तो कोठडीत, अन् ज्याचे काहीच गावरान न्हाई तो गादीवर. याला काय म्हणावं, तुमीच सांगा, साहेब.

९. आता आपण विचाराल की, हैदर स्वतः खरे का सांगत नाही? हेच सांगण्यासाठी मी आज बसले आहे. आधीची आठ कलमे सांगायला मला भीती वाटली नाही. या कलमाला वाटते.

१०. आमच्या गावात पुष्कळ घरे अशी की त्यांना मुसलमानाच्या हातची मिठाई चालत नाही. पण कराचीहून बंद डब्यात आलेली, तिथल्या हिंदू आचाऱ्याने केलेली, असे सांगितले की चालते. हैदरने हे कुणाला फसवायला काढले नाही. घेणाऱ्यांनीच त्याला शिकवले. संपतराव म्हणून गावातले मोठे कास्तकार आहेत. चार वर्षांखाली त्यांच्या पंचफुलाचे लग्न झाले. व्याही वाशीमचे, सोवळ्याचे भारी कडक. पंगतीत हा हलवा वाढला, देवापुढेही ठेवला. वरमाईने घास उचलून विचारले, हे कुणाच्या हातचे? संपतरावांनी सांगितले, कराचीच्या हिंदू आचाऱ्याच्या. आणि मांडवाच्या कडेला उभ्या हैदरकडे बघितले. हैदर हात जोडून म्हणाला, “जी, थेट कराचीहून.” घास तोंडात गेला. त्या रात्री संपतरावांनी हैदरचे दोन्ही हात धरले आणि हे पुन्हा कुणापुढे बदलणार नाही असा शब्द त्याच्याकडून घेतला. मी भांडी घासत होते. मी बघितले.

११. मंगळवारच्या पंचनाम्याला पंच म्हणून कोण होते हे आपल्या कागदावर लिहिलेले आहे. संपतराव होते. साहेबांनी प्रश्न विचारला तेव्हा हैदरने आधी संपतरावांकडे बघितले. संपतराव आपल्या जोड्यांकडे बघत होते. मग हैदरने तोच जबाब दिला जो मांडवात दिला होता. साहेब, मांडवात तो जबाब एका पोरीचा संसार वाचवणारा होता, आणि तोच जबाब कोठडीत त्याचा स्वतःचा संसार मोडून राहिला आहे. मी भाकरी घेऊन हवालातीत गेले आणि खिडकीतून त्याला म्हणाले, खरे सांग बाबा, तुझी लेकरे उपाशी निजून राहिली. तो म्हणाला, “जबान दिलेली हाय, बाई. लेकीच्या घराचा सवाल हाय.” लेक कुणाची? संपतरावांची. अन् बाप म्हणून कोठडीत कोण बसला? मला तिथेच रडू फुटले. खाली बसून रडले. शिपाई म्हणाला, बाई उठा, इथे बसायचा हुकूम नाही.

१२. तिथून मी तडक संपतरावांकडे गेले. म्हणाले, मालक, दोन शब्द साहेबांच्या कानावर घाला. ते म्हणाले, वातावरण निवळू दे. दुसऱ्यांदा गेले तर वावरात गेले होते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा घरात खोकल्याचा आवाज येत होता आणि गडी म्हणत होता मालक वावरात गेलेत. त्यांनी हलवा खाल्ला, आणखी चाळीस घरांनी खाल्ला, माझ्याकडे नावे तोंडपाठ आहेत. पण मी ती या अर्जात घालत नाही. एका माणसाला सोडवायला चाळीसजणांची तोंडे काळी करणे मला पटत नाही. खाताना गोड लागले होते आणि बोलताना कडू लागते, एवढेच त्यांच्याबद्दल लिहून ठेवा.

१३. मात्र पंचफुलाबाई दिवाळीला माहेरी आलेली आहे. पाच दिवसांमागे ती डोक्यावर पदर घेऊन माझ्या अंगणात आली. मी अजून तोंड उघडले नव्हते तोच म्हणाली, “काकी, मला काय ठावं न्हाई व्हय? हळदीच्या आदल्या दिवशी तुमच्या याच अंगणात बसून मी कढईची खरवड खाल्ली. हैदरचाचानंच काढून दिली. माझ्या पायी त्ये आत बसून राहिले आन मी इथं करंज्या खाऊन राहिले. माझ्या घशाखाली उतरत न्हाई.” मी म्हणाले, पोरी, तुझ्या सासरी कळले तर? ती म्हणाली, माझ्या नवऱ्याला मी रात्रीच सांगितले, तेही दिवाळीला सोबत आलेत. ते म्हणाले, चार वर्षे झाली खाऊन, आता बाटायचे काय शिल्लक राहिले? सासूला मात्र अजून सांगितलेले नाही. तेवढे आपणही वाशीमला कळवू नये, अशी विनंती आहे. पंचफुलाबाई मराठी शाळेत शिकलेली आहे. तिने स्वतःच्या हाताने लिहून सही केलेला कागद सोबत जोडला आहे. ज्या पोरीसाठी हैदरने शब्द धरून ठेवला, तिनेच तो सोडला. आता त्याला कुणाचे बंधन उरले नाही, हे त्याला आत जाऊन सांगू द्यावे.

१४. तरीही आपण म्हणाल की, दोन बायकांच्या सांगण्याला कागदावर किती वजन? म्हणून मी पुरावाच घेऊन आले आहे. बुधवारी सकाळी मी दोन शेर गहू भिजत घातला. तो पातेल्यासकट आपल्या बंगल्यावर, आपल्या पहाऱ्यात ठेवून जाते, म्हणजे मी बाहेरून तयार हलवा आणला असे कुणाला म्हणता येणार नाही. शनिवारी मी आपल्या डोळ्यांदेखत तो वाटीन आणि गाळीन. रविवारी सकाळी चीक बसलेला असेल. त्याचा हलवा बंगल्याच्या अंगणात होऊ द्यावा. तो हलवा आणि जप्त झालेल्या एकतीस डब्यांतला हलवा, दोन्ही आपण खाऊन बघावे. आपल्याला चालत नसेल तर ज्याला चालते त्याला द्यावे. दोन्ही एकच निघाले तर सोमवारच्या गाडीत हैदरला बसवू नये.

१५. यात एक अडचण आहे ती लपवत नाही. पुढचे मला येत नाही. चौदा वर्षे बघते आहे, दोनदा करूनही बघितला. एकदा गोंद झाला आणि एकदा दगड. तूप कधी सोडायचे, कलथा कधी जोरात आणि कधी हळू, हे हैदरच्या हाताला ठाऊक आहे, दुसऱ्या कुणाला नाही. म्हणून रविवारी त्यास कढईपाशी आणावे लागेल. पहारा कितीही ठेवा. पण हातकडी काढावी लागेल. हातकडी घालून कढई ढवळता येत नाही.

१६. हे सर्व मी शुद्धीत सांगितले. गोपीचंदांनी मला ते दोनदा वाचून दाखवले. एखादा शब्द खोटा निघाल्यास सोमवारच्या गाडीत हैदरच्या शेजारी मला बसवावे. माझ्या शेळ्या शरीफा बघेल, तिने तसे कबूल केले आहे.

चूक झाल्यास शिक्षा घेण्यास तयार असलेली,

सत्यभामाबाई भ्रतार कै. नामाजी
(डाव्या हाताचा अंगठा)

अर्ज लिहिणार : गोपीचंद, अर्जनवीस. याचा मोबदला घेतला नाही. हलवा मीही खाल्लेला आहे.

हिंगोली, गुरुवार, दि. ११ नोव्हेंबर १९४८

सोबत :
१) पंचफुलाबाईच्या सहीचा कागद, एक.
२) ‘अस्सल कराची हलवा’ असे छापलेला कागद, एक. ‘अस्सल’वर गोपीचंदांनी रेघ मारली होती, ती मी पुसायला लावली.
३) भिजवलेला गहू दोन शेर, पितळी पातेल्यात, वर फडके बांधून. याचे पाणी उद्या आणि परवा, दोन्ही सकाळी बदलावे. नाही बदलले तर गहू आंबतो आणि चीक निघत नाही. आपल्या शिपायांना याची सवय नसेल. त्यासाठी शरीफाला येऊ द्यावे. तिला ते काम येते, आणि विहिरीवरून बंगल्याकडे येताना हवालातीची खिडकी वाटेवर लागते.